श्रावणातलं गॅस्केट

माझ्या जुन्या गाडीला हसायचात ना, ऐका मग. गेल्या श्रावणात ती इतकी फटफटायची की मी विचुंब्याच्या वळणावर असतानाच घरी कळायचं, आला बाबा! श्रावण कडक पाळायचा हट्ट माझाच. बायको आणि वडील माझ्यामुळे पाळायचे. रोज घरात शिरलो की खिडक्या सताड उघड्या आणि अगरबत्त्यांचा हा धूर! म्हटलं, माणसं अगदी भाविक झाली.

शेवटी पनवेलच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. "सायलेन्सर चांगलाय साहेब," तो म्हणाला, "इंजिनाला लागून मॅनिफोल्ड आहे ना, त्याचं गॅस्केट फाटलंय. आवाज तिथून येतोय." त्यानं गॅस्केट बदललं आणि गाडी एकदम मुकी झाली.

खुशीत घरी आलो, दार ढकललं. खिडक्या बंद. ताटात तळलेले बांगडे. बायकोचा घास तोंडातच अडकला. मी ओरडलो, "बाबा, श्रावण आहे!"

आमचे बाबा उरणच्या कोळीवाड्यातले. शांतपणे काटा काढत म्हणाले, "म्हाईत हाय आमाला. पन गाडी नीट करायची येवढी घाई काय व्हती तुला? श्रावण तरी संपू द्यायचा!"