फोल्डरवरचं श्री

परळच्या दवाखान्यात मालनताई नंबराची वाट बघत होत्या. शेजारी एक आजोबा आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली नात. कीर्तनाचं नाव निघालं आणि ताईंचे कान टवकारले.

“अप्पा, संध्याकाळी मंडळात कीर्तनाचा व्हिडिओ दाखवायचाय, आणि स्क्रीनवर बुवांच्या जागी नुसता लाल पडदा! फाइल्सना हात लावलात?”

“छे गं! फोल्डरच्या नावाआधी फक्त ‘श्री’ लिहिलं. शुभकार्य ना!”

“अहो, एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच, तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता असतो. तुम्ही दारावरची पाटीच बदललीत!”

“मग ‘श्री’ पुसू?”

“राहू दे. नवा पत्ता देते... हे बघा, आले बुवा!”

“आणि पेटी-तबला?”

“एक फाइल सापडली की बाकीच्या मागोमाग येतात.”

मालनताईंचा नंबर पुकारला. त्या उठल्या, पण आधी वाकून म्हणाल्या,

“बाळा, तुमच्या मंडळाचा पत्ता काय गं?”