काही तास चाललेलं यंत्र

(दवाखान्यातली खोली. प्राध्यापक पलंगावर, बायको शेजारच्या स्टुलावर.)

प्राध्यापक : ...आणि शरीरात बसवायचं ते पहिलं यंत्र, पहिला पेसमेकर, बनवणाऱ्यांनी कशात ओतलं, सांग बघू.

बायको : माझ्या डोक्यावर.

प्राध्यापक : बुटाच्या पॉलिशच्या डबीत! साचा म्हणून. आत बॅटरी, सर्किट, वरून प्लास्टिकचा रस.

बायको : वा! तिकडे डॉक्टर ताटकळलेत, इकडे व्याख्यान रंगलंय. परवा जिन्यात चक्कर येऊन कोसळलात, तेव्हाच दोन टिपा काढायच्या होत्या पडता पडता.

प्राध्यापक : छातीत काय बसवतायत ते समजून घेऊ नये माणसानं?

बायको : घ्या की. मिक्सर आणण्याआधी मोटारीचा इतिहास वाचत होतात. तोवर मी बसले होते कुटत.

सिस्टर : (दारात येऊन) काका, न्यायचं ना आत?

प्राध्यापक : पाचच मिनिटं.

बायको : सिस्टर, यांची पाच मिनिटं सकाळपासून चालू आहेत. या तुम्ही, मी हाक मारते. हं, बोला, तुम्हाला बसवतायत ते यंत्र चालतं कसं?

प्राध्यापक : शिरेतून एक तार थेट हृदयात. यंत्र नुसतं लक्ष ठेवतं. ठोका पडला तर गप्प. चुकला, की बारीकसा झटका.

बायको : म्हणजे कामाला लागलात तर गप्प, नाही तर टोचायचं. इतकी वर्षं बिनबॅटरीची मी करतेय की हे!

प्राध्यापक : थट्टा नको गं. ते पहिलं यंत्र किती चाललं माहितीये? काही तास. बंदच पडलं.

बायको : हे आज सकाळी वाचलंत?

प्राध्यापक : महिना झाला, डॉक्टरांनी यंत्र सुचवलं तेव्हाच. तेव्हापासून पुस्तक उघडलंच नाही.

बायको : अच्छा! तरी म्हटलं, संशोधन एवढं लांबलं कसं. नेमकं तिथंच पान दुमडून साहेब मोकळे. मी वाचलं पुढचं.

प्राध्यापक : तू?

बायको : अक्षरओळख आहे मला. ते पहिलं यंत्र ज्याला बसवलं, तो माणूस पुढं चाळीसहून जास्त वर्षं जगला. यंत्रं बदलत राहिला. बनवणारा इंजिनिअर गेला, बसवणारा सर्जन गेला, हा आपला ठणठणीत.

प्राध्यापक : खरंच?

बायको : आणि सगळं घडलं कुणामुळे? त्याच्या बायकोमुळे. डॉक्टर म्हणाले, असं यंत्रच नाही. ती म्हणाली, मग बनवा. पिच्छाच सोडला नाही.

प्राध्यापक : कजाग असणार.

बायको : असणारच. माझं नशीब बरं, मला यंत्र आयतं मिळालंय. फक्त नवरा तेवढा आत ढकलायचाय.

प्राध्यापक : ...आजकालची टिकतात ना गं?

बायको : वर्षानुवर्षं. तुमच्याच पुस्तकात आहे.

प्राध्यापक : बरं. हा चष्मा धर. बोलाव सिस्टरला.

बायको : बोलावते. आधी माझा हात सोडा. दारापर्यंतच येऊ देतात मला.