शकुंतलेचा फायरमन

तुमाले माहीतच आहे, मी जुन्या रेल्वे कंपन्यांच्या इंजिनांचे मॉडेल बनवतो. यंदा मूर्तिजापूरच्या शकुंतलेचं, म्हणजे छोट्या लाइनीवरच्या जुन्या गाडीचं, वाफेचं इंजिन केलं. आत ड्रायव्हर बसवला, दारात कोळशाचं फावडं घेतलेला फायरमन उभा केला. सकाळी पाहतो तर फायरमन खाली पडलेला. ग्लू बदलून दोनदा चिकटवला, तरी पडला. ड्रायव्हर मात्र त्याच ग्लूनं पक्का बसला. शेवटी वैतागून फायरमन ड्रॉवरमधी टाकला अन् दारातल्या खुणा घासून रंग मारला.

मंग अचलपूरच्या वानखडे काकांना अकोल्याले बोलावलं. शकुंतलेवरचे रिटायर ड्रायव्हर ते. म्हटलं, काही चुकलं असन तर सांगतीन.

काकांनी चष्मा लावून इंजिन फिरवून फिरवून पाहिलं. "हुबेहूब आहे," म्हणाले. मंग त्यायचं बोट त्या रिकाम्या दारावर थांबलं.

"माहा फायरमन इथूनच पडला. चालत्या गाडीतून. जागीच गेला."

मी त्यायले फायरमनचं काहीच सांगितलं नव्हतं.

इंजिन टेबलावर ठेवून काका उठले. चपला घालता घालता म्हणाले, "त्याले ड्रॉवरमधी नको ठेवू बावा. अंधाराले लई भेत होता तो."