मोडलेली धार

अफरीन : नाना, डबा बंद करून सील लावलंय. आता उघडायचा नाही.

नाना : सील दुसरं लावता येईल.

अफरीन : पाचची गाडी आहे माझी. सगळी मापं काल तीनदा घेतली, तुमच्यासमोर.

नाना : सगळी नाही घेतलीस.

कमलबाई : सकायपाईन असंच चाली राह्यनं. जेवनात नहीत, बोलनात नहीत. नुसतं त्या डबाकडे देखी राह्यनात.

नाना : कमल, तू थांब जरा. अफरीन, तुझं यंत्र मला नीट समजलंय का, ते आधी बघ. चुकलो तर सांग. माझं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांवर.

अफरीन : आत्ता?

नाना : दोन बाजूंनी दोन सरळ नळ्या. एकीतून इलेक्ट्रॉनचा झोत, दुसरीतून पॉझिट्रॉनचा. मधोमध टक्कर. गोल यंत्रात चुकलेले कण फिरून पुन्हा येतात, इथे एकदाच गाठ. म्हणून झोत केसापेक्षा कितीतरी बारीक लागतो.

अफरीन : बरोबर.

नाना : पण झोताभोवती थोडे भटके कण राहतातच. ते पुढे गेले तर टक्कर बघणारी उपकरणं गोंधळतात. म्हणून वाटेत मी लेथवर घडवलेले, या डब्यातले तांब्याचे दोन जबडे. मधून झोत जाऊ द्यायचा, कडेचे भटके अडवायचे.

कमलबाई : म्हंजे लगनना मांडवना दारशी उभा राहस तो माणूस. वळखीनासलेच मझार सोडस.

अफरीन : तसंच, काकू. फक्त दार फार अरुंद केलं की दाराच्या भिंतींमुळेच आतला झोत हलतो. म्हणून दाराकडे येताना लांब, अगदी हळू उतार दिलाय.

नाना : तो उतार तुझा.

अफरीन : माझा. तीन वर्षं त्यावरच गेली. दुसऱ्या गटाचा उतार आखूड आहे. सोमवारी प्रयोगशाळेत दोन्ही नमुने लावायचे, मधून तार ओढून तिच्यात विजेचे ठोके सोडायचे आणि मोजायचं. ज्यात गडबड कमी, तो आराखडा पुढे जाणार. दुसरा बाद. नाना, हे तुम्हाला मीच सांगितलंय.

नाना : जबडा बाजूच्या पट्टीला टेकतो, तिथे फट राहिली तर?

अफरीन : कशी राहील? तिथे धारच आहे ना, ती घट्ट बसते. नाना, तुम्ही काय केलंय?

नाना : डबा उघड.

अफरीन : उघडते. हं. कुठे बघू?

नाना : कडेवरून बोट फिरव.

अफरीन : गुळगुळीत आहे.

नाना : तेच सांगतोय.

अफरीन : कानस फिरवलीत.

नाना : काल, तू गेल्यावर. डब्यात ठेवायच्या आधी. चारही कडांवर, एकेक हात.

अफरीन : नकाशावर लाल अक्षरांत लिहिलं होतं. धार मोडू नये.

नाना : वाचलं होतं. दोनदा. हाताला वाचता येत नाही.

अफरीन : तुम्ही बोलला नसतात तर कळलंही नसतं कुणाला.

नाना : कळलं नसतं, आणि दोष तुझ्या उताराला लागला असता.

अफरीन : लागलाच असता. अशी खाच राहिली की विजेच्या लाटा तिच्यात घुमत बसतात. सगळे म्हणत होते पुण्याच्या कारखान्यात करू. मी म्हटलं, जळगावला तोताराम नाना आहेत.

नाना : ते ठाऊक आहे. म्हणूनच घास उतरत नव्हता.

कमलबाई : धार मोडनी तं इतलं काय झायं? चाळीस वरीसपाईन मोडी राह्यनात. कोणले कापाले नको म्हनीसन.

अफरीन : कुणाला कापलं होतं का?

नाना : जाऊ दे ते.

कमलबाई : तिले सांगा ना. तिना बापनं बोट शे ते.

अफरीन : अब्बांचं? ते तर मशीनच्या पट्ट्यात सापडलं होतं.

नाना : असलम तसंच सांगतो. दुकान आमचं भागीत होतं तेव्हा. एका तेलघाण्याचा तुकडा मी घाईत बाजूला ठेवला, कडा न मोडता. त्याने उचलला. शीर तुटली, बोट वाकायचं थांबलं. तेव्हापासून या दुकानातून धारेचा तुकडा बाहेर गेलेला नाही.

अफरीन : अब्बांनी त्यात तुमचं नाव कधीच घेतलं नाही.

नाना : घेतलं असतं तर बरं झालं असतं.

अफरीन : तांबं किती उरलंय?

नाना : एका जोडीपुरतं. पण नजर पूर्वीची राहिली नाही, आणि हाताचं तर आज बघितलंसच. पुण्याला देऊन टाक. मला वाईट वाटणार नाही.

अफरीन : वाटेल. आणि आज बुधवार, सोमवारपर्यंत पुण्यात कुणी हात लावणार नाही. तुम्ही कराल?

नाना : तीन दिवस लागतील. चुकलं तर संपलं.

अफरीन : मी रविवारच्या गाडीने जाते.

नाना : शेजारी उभी राहू नकोस मात्र. हात बुजतो. कमल, त्या दोन्ही कानसी घरात घेऊन जा. कुठेही लपव. मी मागितल्या तरी देऊ नकोस.

कमलबाई : आनि भांडनात तं?

नाना : तू काय कमी आहेस?

(रविवारी दुपारी, दुकानातच.)

अफरीन : मापं बरोबर आहेत. या वेळी कडाही भिंगाखाली बघितल्या.

कमलबाई : दोन येळा मांगी कानस. मी नही दिनी.

नाना : तिसऱ्यांदा दारापर्यंत येऊन परत फिरलो. ते तिला माहीत नाही.

अफरीन : भरते मग डबा.

नाना : तू हात लावू नकोस, मी भरतो.

अफरीन : तिथे मलाच काढायचेत ना, नाना.

नाना : हो. ते लक्षातच आलं नाही. मग हे घे.

अफरीन : हातमोजे?

नाना : कातड्याचे आहेत. असलमचं बोट कापलं त्या आठवड्यात आणले होते, त्याच्यासाठी. द्यायला जमलं नाही.

अफरीन : अब्बांना देऊ?

नाना : आधी तू वापर, मग दे. कडक झालेत थोडे. पण धार आत येणार नाही.