आधी जखम वाळू द्या

जमलेल्या पावण्यांनो, शेळगावकरांनो, आयाबायांनो... सुमनवहिनी गेल्या. माज्या थोरल्या भावाची, दादांची कारभारीण. मला बोलाय उभं केलंय, पर खरं सांगू? दमलोय मी. दारात येईल त्याला तेच सांगतोय. सकाळी चांगल्या हुत्या, छातीत कळ आली, दवाखाना गाठायच्या आत गेल्या. सांगून सांगून तोंड कडू झालंय.

आज दुसरं बोलू द्या. वहिनींच्या कुंड्यांचं.

त्यांचा पोरगा प्रशांत पुण्यात असतो. फ्लॅटात ऊन न्हाय. सूनबाईनं हौसेनं आणलेली ती जाडजूड पानांची झाडं, सक्युलंट का काय, उन्हाच्या आशेनं नुसती उंच वाढली. खाली उघडी दांडी, वर चार पानं. ती टाकून देणार हुती. वहिनी एसटीत मांडीवर घेऊन आल्या. म्हणल्या, "जित्या जिवाला टाकत्यात व्हय?"

शेंडे छाटले अन् सुपात घालून सावलीला ठेवले. आता आमचे दादा! जन्म गेला उसात. उसाची कांडी कशी, तोडली की सरीत दाबायची अन् पाणी सोडायचं. दादांनी मदत म्हणून सुपातले शेंडे उचलले, कुंडीत खोचले, वर बादलीभर पाणी! समदे सडून काळे पडले. वहिनी अशा भडकल्या म्हणता! "अहो, ह्यो ऊस हाय व्हय? घाव ओला हुता अजून. आधी जखम वाळू द्या. मग माती. पाणी त्याच्या बी मागनं."

दादा म्हणले, "तवर बिनमातीचं जगतंय व्हय ते?"

"जगतंय. अंगात पाणी असतंय त्याच्या. तुमी फकस्त हात लावू नका."

उरल्या दांड्यांना नवे कोंब फुटले, तवा पुन्हा शेंडे छाटले. दादा रोज सुपाजवळ बसायचे, हात न लावता. आमी हसायचो. आज गावात वहिनींची कुंडी नसंल असं घर न्हाय. खोटं बोलतोय का, बायांनो?

आता दादांकडं बघा. त्या दिसापासनं एक शब्द बोलले न्हाईत. येईल तो म्हणतोय, "पुण्याला न्या, नातवंडांत मन रमंल." प्रशांत, तुजी माया मला कळती रं. पर लेकरा, आत्ताच तर तुटलाय माणूस. लगीच उचलून दुसऱ्या मातीत कशाला खोचतोस? राहू दे हितंच. माज्या घरची भाकरी हाय. बसू दे त्यांना अंगणात, न बोलता. एक दिवस आपणहून म्हणतील, चल. न्हाय म्हणले तर न्हाय. पर त्यांना इचारल्याबिगर नको.

वहिनी, हात जोडतो तुमाला. लई केलंत आमचं.

आता समद्यांनी उभं राहून जरा वेळ गप राहूया. पर त्याच्या आधी, प्रशांत, दादांची बॅग गाडीत ठेवलीस न्हवं? ती काढून घरात ठेवून ये. आमी थांबतो.