मोकळं खोगीर

आमचं गाव कऱ्हेच्या काठाला, ताई. खंडोबाचं जुनं ठानं हाय तिथं, आन् आमचं घर म्हंजी देवाच्या घोड्याचं घर. चंपाषष्ठीला पालखी निघती ना, तिच्या पुढं घोडा चालतो, पांढरा, पाठीवर खोगीर, खोगिरावर तांबडी मखमल, समदं सजवल्यालं, आन् वर कोन न्हाई. मोकळं खोगीर. मोकळं म्हंजी तुमच्या-आमच्या डोळ्यांला, वर देव बसल्याला असतो. त्या घोड्याचा लगाम धरून चालायचा मान आमच्या घरान्याचा. माझा बाप धरायचा, त्येचा बाप धरायचा, त्येच्या आदीचं मला ठावं न्हाई, पन असनारच. आन् मान म्हंजी तरी काय, वर्सातून एक नारळ, एक फेटा, आन् बाकीचं वर्सभर घोडं आपल्या दारात आपल्या खर्चानं पोसायचं.

त्या मानाला एक अट हाय. आमच्या घरातल्या गडीमानसानं घोड्यावर बसायचं न्हाई. देवाच्याच न्हाई, कुठल्याच घोड्यावर न्हाई. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडाय जातो, मी माझ्या लग्नात चालत गेलो, बापबी चालतच गेल्याला. आता खरं सांगतो, एकदा बसलो व्हतो. सहा वर्सांचा असंन, दुपारची समदी निजल्याली बघून गव्हानीवर पाय दिला आन् चढलो. कितीसा वेळ, तुमी हां म्हनस्तोवर. पन ती पाठ गरम व्हती, आन् घोडं श्वास घेतंय ते आपल्या मांड्यांला कळतं, ते मला आजून आठवतंय. बापानं बघितलं. चाबकानं मारलं मला, ते जाऊ द्या, पन मारून झाल्यावर त्यो देवळाच्या पायरीवर जाऊन बसला आन् दोन दिस जेवला न्हाई, पोराची चुकी मी फेडतो म्हनून. मार मी इसरलो, त्येचं उपाशी बसनं न्हाई इसरलो. त्येच्यानंतर कदी पाय वर टाकला न्हाई.

मानावर पोट चालत न्हाई, म्हनून मी पुन्याकडं एका पागेत मोतद्दार लागलो. मोतद्दार म्हंजी घोड्याचं समदं करनारा, लीद काढायची, खरारा करायचा, खूर खरवडायचे, रातचा दाना भिजत घालायचा. तिथनं एजंटानं हिकडं आनलं, सिंगापूरला, ह्याच पागेत, लोकांची पोरं घोड्यावर बसायला शिकत्यात तिथं. एकवीस वर्सं झाली. शेवंता, माझी बायको, ती म्हनायची, तुमच्या देवाचं घोडं मी पोसतीय, आन् तुमी परक्याची घोडी धुताय, काय कळतंय का तुमाला ह्यातलं. मला कळायचं. मी इथं धुतो म्हनून तिथल्याला हरभरा मिळतो, असा माझा हिशेब.

पहिल्याच दिशी पागेच्या मॅडमनं इचारलं, रायडिंग येतं का. म्हनलं, नो. व्हाय? आता माझ्या इंग्रजीत मी त्या बाईला देव कसा सांगू? म्हनलो, गॉड सिटिंग, मी नो सिटिंग. ती हसली न्हाई बिचारी, ऱ्हाऊ द्या म्हनली, आन् कागदावर लिवून टाकलं, ह्याला घोड्यावर बसायची भीती वाटते. आजून हाय ते फायलीत. घोड्याच्या पोटाखाली घुसून मी नाल बघतो, लाथ खाऊन बरगडी मोडून घेतली, आन् मला भीती वाटते. पहिली वर्सं नीट सांगून बघितलं, मंग सोडून दिलं. भीती म्हनलं की ह्यांला कळतं, आन् देव म्हनलं की ती आपल्या तोंडाकडं बघत ऱ्हात्यात.

तुमची अन्वी बसती ना, त्यो बिस्किट, त्यो आला तवा सात वर्सांचा व्हता, पांढरा सफेद. त्येला बघून माझं मन लागलं हितं. तवापासनं दर चंपाषष्ठीला, लेसन सुरू व्हायच्या आदी, मी त्येच्या कपाळाला भंडारा लावतो, भंडारा म्हंजी आपली हळदच, खंडोबाची, आन् मोकळं खोगीर घालून रिंगनात एक फेरी मारून आनतो. लगाम धरून, पुढं बघत, जसं गावाला धरतात तसं. येळकोट मनातल्या मनात म्हनायचं. एक वर्सी स्पर्धा व्हती, त्या कपाळाचा पिवळा डाग निघंना, मॅडम लई चिडल्या. पन बंद करा असं काय म्हनल्या न्हाईत. टर्मरिक अंकल म्हनतात मला पोरं. म्हना, म्हनलं.

मी हिकडं, आन् गावाकडं माझ्या जागी लगाम धरायला चुलतभाऊ. शेवंतानं लीद काढायची, पानी पाजायचं, आजारी पडलं की रात-रात घोड्याजवळ बसायचं, आन् जत्रंच्या दिशी तिनं लगामाला हात लावायचा न्हाई, बाईमानूस म्हनून. पालखीच्या मागं तांब्या घेऊन चालायची. एकदा मला फोनवर म्हनली, वर्सातनं तीनशे चौसष्ट दिस घोडा माझा आन् एक दिस तुमच्या घरान्याचा. मी म्हनलो, अगं रीत हाय ती. असं म्हनलो मी. तीन वर्सांमागं गेली, तापाचं निमित्त झालं. मला तिकीट मिळून पोचस्तोवर राख भरून ठिवल्याली. घोडा दावनीत हुभा, दोन दिस दाना खाल्ला न्हाई म्हनत व्हते. मी तिच्यासाठी रडलो का घोड्यासाठी, मला सांगता येनार न्हाई. परत येताना तिनं कुटून ठिवल्याला भंडारा तेवढा घेऊन आलो, डब्यात व्हता, पिशवीत घातला.

मंग घोडा पोराकडं आला, सोमनाथकडं. पोरगं वाईट न्हाई, ताई, कामाला वाघ हाय. पन त्येचं म्हननं, बाबा, एक दिसाच्या कामासाठी वर्सभर जनावर हुभं का ठिवायचं. मी म्हनायचो, ते हुभं ऱ्हानं हेच त्येचं काम. गप बसायचा. मला वाटलं, पटलं.

आता ह्या वर्सी तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली. मी जेवायला बसल्यालो, मोबाइलवर भाच्याचं स्टेटस बघितलं. वरात. ते मोठमोठे स्पीकर, रंगीत लाइटी, पोरं नाचत्यात, आन् मधी घोडा, डोक्याला तुरा, गळ्यात लुकलुकनाऱ्या माळा, आन् वर नवरदेव. म्हनलं, कुनाचा का असंना. मंग घोड्यानं मान वळवली. डाव्या कानामागं काळा ठिपका. ताई, हातातला घास तसाच ऱ्हायला. मी त्यो ठिपका त्यो शिंगरू असल्यापासनं बघतोय, दर सुट्टीला गेलो की.

फोन लावला. म्हनलं, सोम्या, देवाचा घोडा वरातीला दिला? म्हनला, हां, दिला, समदा सीझन बुक हाय. मी जे तोंडाला यील ते बोललो, त्येच्या आईचं नाव काढलं, तिच्या जिवावर त्यो घोडा जगला म्हनलो, तुझा आजा उपाशी बसला व्हता म्हनलो. त्येनं समदं ऐकून घेतलं. मंग शांत म्हनला, बाबा, तुमी तिथं रोज काय करता? परक्याची पोरं उचलून घोड्यावर बसवता ना? त्येचाच पगार येतो ना? त्या पगारावर मी मोठा झालो. तुमी बसवलं तर नोकरी, आन् मी बसवलं तर पाप?

आता काय सांगू तुमाला, खरंच हाय की. तुमच्या अन्वीचा पाय ह्या तळहातावर घेऊन मी तिला वर देतो, अशी किती पोरं वर गेली असतील ह्या हातावरनं. मला कदी वाटलंच न्हाई. बिस्किटाला वर्सातनं एका फेरीपुरता देव करायचो आन् लगीच त्येच्यावर पोरं बसवायचो, आन् रातच्याला निवांत झोपायचो.

तरी हट्ट सुटंना. गुरवाला फोन केला, देवाची पूजा त्येच्याकडं हाय, म्हनलं ह्यो तरी पोराला दटावील. म्हनलं, काका, बाटल्याला घोडा पालखीपुढं चालंल का, तुमी सोमनाथला सांगा. गुरवकाका म्हनले, मल्हारी, तू लांब हायस, तुला म्हाईत न्हाई, त्यो नवरदेव आमचाच, धाकट्या भावाचा पोरगा. म्हनले, अरे, घोड्याचे पाय तरी मोकळे हुतात, आन् दुसऱ्या कुनाचा घोडा आनायचा त्यापरीस देवाच्याच घोड्यावर पोरगं मिरवलं, चांगलंच की. चांगलंच की, म्हनले. मी फोन ठिवला. मला वाटलं व्हतं गाव तापंल, पंच बसतील, आमचा मान काढून घेत्याल, पोराला दंड करत्याल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, ताई. कुनाला तरी लागलं असतं. कुनाला काय बी वाटलं न्हाई.

चंपाषष्ठी आली, आठवड्याच्या मधल्या वारी. इथं शाळांला सुट्ट्या, सकाळी लेसन भरल्याली, म्हनून बिस्किटाची फेरी दुपारवर गेली. गावाकडनं सोमनाथनं व्हिडिओ धाडला. पालखी, तळी, भंडारा असा उधळतोय की समदं पिवळं, आन् पुढं घोडा, तांबडी मखमल, मोकळं खोगीर. लगाम सोमनाथच्या हातात, चुलत्याच्या जागी, ह्या वर्सी पहिल्यांदा, डोक्याला फेटा. लई छान दिसत व्हता पोरगा. माझ्या बापावर गेलाय. लोकं घोड्याच्या पाया पडत व्हती, एक म्हातारी खोगिराला हात लावून त्यो हात तोंडावरनं फिरवत व्हती. मी तीनदा बघितला त्यो व्हिडिओ. काय फरक दिसतोय का, हेच बघत व्हतो. घोडा त्योच, चाल तीच. पंधरा दिसांमागं त्याच पाठीवर गुरवाचा पुतन्या बसला व्हता, त्येचा कुठं मागमूस न्हाई. देव आदीपासनं वर असता, तर घोड्यानं नवरदेवाला खाली टाकला असता. न्हाई टाकला. गप चालला, मला जसा पाठीवर घेऊन गप हुभा व्हता, मी सहा वर्सांचा व्हतो तवा.

बिस्किटाला मी बाहेर काढला. कपाळाला भंडारा लावला. खोगीर चढवलं. एक फेरी चाललो, लगाम धरून, पुढं बघत. मंग ती लाकडी पायरी हाय ना, तुमची पोरं जिच्यावरनं चढत्यात, तिच्याजवळ त्येला थांबवला, रिकिबीत पाय घातला आन् बसलो. छप्पन्न वर्सांचा मानूस. कुंपनाजवळ तुमी हुभ्या व्हता ते मला दिसलंच न्हाई. अन्वी आरडली, अंकल, यू कॅन राइड लाह! आन् टाळ्या वाजवाय लागली. मंग म्हनली, हील्स डाऊन, अंकल. टाचा खाली. माझीच पोरगी शिकवतीय असं वाटलं. बिस्किट दोन पावलं चालला, पाठ गरम, श्वास मांड्यांला कळतोय, तसाच, पन्नास वर्सांनी. आन् काय बी झालं न्हाई. आभाळ हाय तिथंच, मी पडलो न्हाई, घोडा दचकला न्हाई, त्येला वजन जानवलं का न्हाई तेबी म्हाईत न्हाई. तुमी नंतर इचारलंत, काका, रडलात का. रागानं रडलो, ताई. बापाचा राग आला, दोन दिस उपाशी बसल्याला त्या पायरीवर. कशासाठी बसला व्हता त्यो? आन् शेवंता लगामाला हात न लावता गेली, ती कशासाठी?

आता पुढच्या म्हयन्यात ही पागा बंद. जागेची मुदत संपली, घोडी दुसरीकडं चालली, बिस्किट म्हातारा, त्येला कोन नेतंय बघायचं. मी गावाला चाललो. सोमनाथ म्हनतो, बाबा, या, दुसरा घोडा घेतोय, मागनी लई हाय, तुमच्यासारखा जानता मानूस कुठं मिळनार. जानार. लीद काढायला मला कुठंबी येतं. पुढच्या चंपाषष्ठीला लगाम धर म्हनला तर धरीन, पोराला न्हाई कशाला म्हनू. पन आता मोकळं खोगीर बघितलं की मला मोकळं खोगीरच दिसतं.

अन्वीला सांगा, टाचा खाली, नजर पुढं, चांगली बसती पोरगी, औक्षवंत हू द्या. तुमचं साहेब जुरोंग आयलंडला कामाला जात्यात, त्यांलाबी राम राम सांगा. आन् ही पिशवी तुमी ठिवा, मला आता लागत न्हाई. न्हाई, देव्हाऱ्यात नको. घरची हळद हाय, शेवंतानं कुटल्याली, रंग बघा आजून कसा हाय. भाजीत घाला.