माझ्या सहीशेजारची सही

आजच्या माझ्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, हृदयविभागाचे प्रमुख आमचे मोठे डॉक्टर. मंचावर बसलेल्या अधीक्षक बाई. माझ्या सिस्टर मुली, वॉर्डातल्या मावश्या आणि मामा. पहिल्या रांगेत बसून आतापासूनच घड्याळ बघणारे आमचे हे. आणि त्यांच्या मागे बसलेले शिंपीदादा आणि वहिनी, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

तासभर माझं कौतुक चाललंय. एकतीस वर्षांत या बाईच्या हातून एकही चूक झाली नाही, असं चार जणांनी सांगितलं. अहो, किती चढवाल मला हरभऱ्याच्या झाडावर? शिंपीदादांनी तर इथे येऊन, डोळे पुसत, "ताईंनी माझा जीव वाचवला" म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसले होते. तो विनय नव्हता हो, मला वर बघवत नव्हतं.

गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते. दादांचं काळीज नुसतं सैरभैर धावत होतं, छातीवर हात दाबून बसले होते बिचारे. डॉक्टरांनी ठोके ताळ्यावर आणायचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. मुलींनो, त्याचे नियम मी तुमच्याकडून घोकून घेतलेत ना? ग्लुकोजच्या पाण्यातच मिसळायचं. मॉनिटर लावल्याशिवाय सुरू करायचं नाही. पहिली छोटी बाटली दहा मिनिटांत, मग मोठी बाटली अगदी हळू, कित्येक तास. बाटली बदलली की पंपाचा वेग बदलायचा, आणि तो दुसऱ्या सिस्टरने स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच माझ्या सहीशेजारी सही करायची. हा नियम आणला कोणी? मीच!

मी मोठी बाटली लावली. तेवढ्यात फोन वाजला, अपघात विभागाला बेड हवा होता. मी फोनकडे धावले आणि पंपाचा वेग छोट्या बाटलीचा होता तसाच राहिला. वहिनी म्हणाल्या, "ताई, आता हळूहळू जाईल म्हणालात ना? मग हे थेंब एवढे भराभरा का पडतायत?" मी काय उत्तर दिलं असेल? "वहिनी, आमचं काम आम्हाला करू द्या." हो, अशीच फणकारले मी. त्या काही गप्प बसल्या नाहीत. "एकदा वळून बघा तरी," म्हणाल्या.

वळले. दादा पांढरेफटक पडले होते. "डोळ्यांपुढे अंधार येतोय," एवढंच बोलले. रक्तदाब सत्तरवर आला होता. कसाबसा पंप बंद केला, हाका मारल्या, डॉक्टर धावत आले. पुढची वीस मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत. मग दादांनी पाणी मागितलं, तेव्हा कुठे मी खाली बसले.

मला वाटलं, संपलं. कसलं काय! नोंद करायला कागद घेतला, तर माझ्या सहीची जागा कोरी आणि शेजारची सही हजर! जिची सही होती त्या सिस्टरला विचारलं, "तू पंप बघितलास कधी?" ती गोंधळून म्हणाली, "ताई, तुमचं काय तपासायचं?" मी टेबलाचा खण ओढला. आत अशाच सह्या केलेले बारा कोरे कागद! रोज सकाळी ड्युटीवर आल्या आल्या करून ठेवायच्या म्हणे, ताईंचा वेळ वाचावा म्हणून. अगं, तुमच्या या मानापायी एक माणूस गेला असता! आणि तुम्हांला तरी काय बोलू? कोणी काही विचारलं की फणकारणारी मीच ना? तपासायची हिंमत तुम्हांला होणार कशी?

डॉक्टरांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं, लेखी दिलं. ते म्हणाले, घरच्यांनाही सांगायला हवं. मी म्हणाले, मी सांगते. आणि सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला. दादा, तुम्हांला वाटलं आजारानेच तसं झालं, आणि मी तसं वाटू दिलं. डॉक्टर, असे बघू नका माझ्याकडे, चुकलंच माझं.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हां सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. मंगळवारची माफी मात्र सभागृहाकडे मागत नाही, ती या दोघांकडे मागते. दादा, तुमचा जीव मी वाचवला नाही, मी तो घालवायला निघाले होते. वाचवला तुमच्या बायकोने, आणि तिलाच मी गप्प बसवत होते.

वहिनी, उठलात? नाही, नाही, कोणी त्यांना बसवू नका. मामा, हा माईक तेवढा त्यांच्याकडे न्या. बोला वहिनी. काय बोलायचं ते बोला, मी ऐकते.